उत्तराचा ढोल

रत्नागिरीला रेल्वे नव्हती, पण रेल्वेचं तिकीट मिळत असे. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर शेट्यांची वखार होती आणि वखारीच्या पुढच्या खोलीला एक जाळीची खिडकी. तिथे थेट मुंबईचं तिकीट मिळायचं. कोल्हापूरपर्यंत शेट्यांची मोटर आणि तिथून पुढे आगगाडी. लोक त्या खिडकीलाच 'ठेसन' म्हणायचे. आगबोटी चालू असत तोवर ठेसनावर माशा मारायची पाळी यायची. पण पाऊस लागला, बोटी बंद झाल्या, की मुंबईला जाणारा तेवढाच एक रस्ता उरायचा. हातखंबा, पाली, साखरपा आणि पुढे आंबा घाट.

शेटे गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता धंदा त्यांचा धाकटा भाऊ सदाशिव बघेल. त्याने बघितलाही, पण खिडकीवर येऊन बसल्या त्या शेट्यांच्या पत्नी आनंदीबाई. पांढरं कपाळ घेऊन बाई बाजारात बसते म्हणून आळीत कुजबुज झाली. आनंदीबाईंनी ती ऐकली आणि खिडकीची जाळी काढून टाकली. "तिकीट देणाऱ्याचं तोंड दिसलं पाहिजे," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांच्या हाती कारभार आला त्याला वर्षही झालं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. साल एकोणीसशे तेहतीस. आषाढात रमजान होडेकरची मोटर घाटात अडकली.

रमजान बंदरालगतच्या राजिवड्याचा. बाप-आजे गलबतांवर गेलेले, हा एकटा मोटरवर आलेला. हात इतका हलका, की म्हातारी माणसं मुद्दाम त्याच्याच गाडीची चौकशी करत. त्या दिवशी त्याच्या गाडीत पालीजवळच्या वाडीतला शिवा आणि त्याची बायको हौसा होती. शिवाच्या पोटात दोन दिवस कळा येत होत्या. वैद्याने हात टेकले आणि मिरजेच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. साखरप्याला मोटर थांबली तेव्हा शिवा स्वतः उतरून पाणी प्यायला होता. मोटर घाट चढू लागली आणि अर्ध्या वाटेवर रस्त्याखालची मोरी खचली. मागचं चाक गच्च रुतलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण मागे रस्ता तुटलेला, पुढे वरून वाहत आलेला चिखलाचा ढीग आणि पाऊस असा, की समोरचा माणूस दिसेना.

रमजानने क्लीनरला वरच्या अंगाला, माथ्यावरच्या आंबा गावी पाठवलं. वाटेतला ओढा फुगला होता; तो बिचारा एका कातळावर अडकून बसला. आणि खाली साखरप्याला काय चाललं होतं? तिथे शेट्यांचीच दुसरी मोटर उभी होती. माणसं होती, दोर होते, पहारी होत्या. त्यांनी रमजानची मोटर वर जाताना बघितली होती, त्यांना वाटलं ती आंब्याला पोचली असेल. आंब्याच्या माणसांना वाटलं, एवढ्या पावसात ती आज सुटलीच नसेल. दोन्हीकडची माणसं निवांत झोपली. शिवा मात्र पहाटे हौसाच्या मांडीवर गेला. रत्नागिरीला ठेसनावर हे कळलं, तेव्हा दुसऱ्या दिवशीची दुपार टळून गेली होती.

आनंदीबाई बैलगाडी करून हौसाच्या घरी गेल्या. तिसरा दिवस होता. हौसा ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. बाई आल्या म्हणून कुणीतरी चटई टाकली. बाईंनी ती बाजूला सारली आणि जमिनीवरच बसल्या. बोलली ती हौसाच.

"बाय, एक सांगाल?"

"विचार गो."

"त्या दिवशी खाली मानसं व्हती ना? साखरप्याला?"

"होती."

"दोर व्हते? डोली व्हती?"

"सगळं होतं."

"मग त्यांस्नी कळला कसा नाय?" हौसा रडत नव्हती. तिला खरोखरच ते जाणून घ्यायचं होतं. "मी तितनं वरडत व्हते. माजा आवाज फुटला. आनि तुमची मानसं खाली निजलेली. ह्या कसा झाला, ता मना कुनीतरी सांगा."

"मला ठाऊक नाही," आनंदीबाई म्हणाल्या. "पण ते शोधल्याशिवाय मी गप्प बसणार नाही."

परतल्यावर त्यांनी सगळ्यांना वखारीत बोलावलं. ड्रायव्हर, क्लीनर, हमाल, साखरप्याची माणसं, सगळे गोणींवर दाटीवाटीने बसले. सदाशिव उभाच होता. त्याचा निकाल तयार होता.

"रमजानला काढायचा. दुसऱ्यांना धाक बसेल."

रमजान मान खाली घालून बसला होता. "काढा," तो म्हणाला. "माझं काय म्हणणं नाय."

"काढायचं की नाही ते नंतर," आनंदीबाई म्हणाल्या. "आधी मला कळू दे, झालं काय. रमजानभाय, मोरी खचेल असं तुम्हाला वाटलं होतं?"

रमजानने मान वर केली. मग हळूच म्हणाला, "आदल्या फेरीला दगड हललेले दिसले होते."

वखारीत एकदम गलका झाला. सदाशिव पुढे सरसावला. आनंदीबाईंनी हात वर केला.

"मग सांगितलं का नाहीत?"

रमजानने एकदा सदाशिवाकडे बघितलं आणि नजर वळवली. "ज्येष्ठात आपल्या जमाल ड्रायव्हरनं सांगितलं होतं. रस्ता बरा नाय म्हणून तो घाटातून माघारी आला. त्याच्या फेऱ्या बंद झाल्या, वैनी. घरी बसवला त्याला. मग आमी सगळ्यांनी ठरवलं, दिसलं तरी बोलायचं नाय."

सदाशिवाचा चेहरा उतरला. जमालला त्यानेच घरी बसवलं होतं, आणि त्यामागे दुष्टपणा नव्हता. वेळेवर मोटर गेली नाही तर रेल्वेवाले तिकिटांची एजन्सी काढून घेतील, ही भीती त्याला झोपू देत नसे.

त्या वेळी मागून एक माणूस उठला. महिपत साळवी. वखारीतल्या हमालांचा मुकादम, उंच, सावळा, उजव्या हाताची दोन बोटं नसलेला. वीसेक वर्षं तो रेल्वेत होता, बोरघाटात. बोटं तिथेच गेली, डबे जोडताना. तेव्हापासून गावी आला होता. तो फार बोलत नसे, त्यामुळे तो उठला तसे सगळे गप्प झाले.

"वैनी, वाईच बोलू?"

"बोला, महिपतभाऊ."

"रेल्वेतपन पयला मानूसच शोधतात. कोन चुकला, धरा त्याला. मी ह्या डोळ्यांनी बघितलाय. मानूस बदलतात आनि दुसरा मानूस त्याच जागी तसाच चुकतो. पन घाटात रूळ ज्यांनी टाकले, त्यांची अक्कल मोठी. उतारावर एक सांधा असतो, गाडी ह्या रुळावरनं त्या रुळावर घ्यायचा. मी त्या सांध्यावर व्हतो. तो सांधा कायम आडव्या रुळाकडं लावलेला. आडवा रूळ डोंगरावर चढतो नि तितंच संपतो. वरून गाडी आली, की तिनं सांध्यापाशी पुरती थांबायचा, शिट्टी मारायची. थांबली म्हंजे ब्रेक हातात हाय. मग मी सांधा फिरवून मोठ्या लाईनीवर घ्यायची. नाय थांबली, तर ती आपोआप आडव्या रुळावर जाते, चढावर दम तुटतो नि उभी राहते. मी झोपलो असलो तरी. मी मेलो असलो तरी."

"म्हणजे?" आनंदीबाई पुढे झुकल्या.

"म्हंजे रेल्वेनं धरून चाललाय, की मानूस चुकनार. चुकला तरी गाडी थांबावी, अशी मांडनी केलीय. आपन उलटा करतो. काय खबर नाय, म्हंजे सगळा बरा हाय, असा धरतो. साखरप्याला खबर नव्हती, म्हनून ती निजली. खबर नाय म्हंजे काईतरी बिघडलाय, असा ज्या दिवशी धरू, त्या दिवशी मानसं जागी राहतील."

हौसाच्या प्रश्नाचं उत्तर आनंदीबाईंना मिळालं होतं. मग त्या उठल्या, रमजानसमोर आल्या.

"रमजानभाय, तुम्ही खरं सांगितलंत. गाडी तुमचीच राहील. जमालला उद्या निरोप धाडा. आणि सगळ्यांनी ऐका. घाटात काही वावगं दिसलं आणि जो येऊन सांगेल, मग चूक त्याची स्वतःची का असेना, त्याच्या पोटावर या घरातून पाय येणार नाही. सदाशिवभावजी, हे मी तुमच्यादेखत बोलते आहे."

सदाशिवाने मान हलवली. होकारार्थी की नुसतीच, ते तेव्हा कुणाला कळलं नाही.

पाऊस ओसरल्यावर महिपत आणि रमजान घाट पायी चालले. दर वळणावर महिपत थांबायचा, वर बघायचा, माती हातात घेऊन चुरायचा. जिथे वरून दरड येण्याजोगी नाही आणि खालचा भराव पक्का आहे, अशा रुंद जागा निवडून तिथल्या दगडांना त्याने चुना फासला. मोटर थांबायची तर अशाच जागी. राहिला प्रश्न खबर पोचवायचा. घाटात तार नव्हती. धुक्यात झेंडा दिसत नाही, पावसात कंदील दिसत नाही.

"आवाज पायजे," महिपत म्हणाला. "रेल्वेत धुक्यात रुळावर फटाके लावतात. चाक गेला, की फुटतात."

"आपल्यात फटाके कशाला?" रमजान हसला. "शिमग्याला तुमचा ढोल आमच्या राजिवड्यापर्यंत ऐकू येतो."

ढोलाचं तिथेच ठरलं. घाटातल्या आणि पायथ्याच्या वाड्यांत ढोल वाजवणारे पिढीजात होते. पण ढोल पालखीचे. देवाचा ढोल मोटरपुढे वाजवायचा म्हणजे काय, म्हणून गावकऱ्यांनी देवळात कौल लावला. गुरवाने देवाला गाऱ्हाणं घातलं, की वाटेवरच्या लेकरांसाठी हा आवाज मागतो आहोत, खेळासाठी नाही. कौल उजवा पडला, देवाचा होकार आला.

बेत साधा होता. घाटाच्या माथ्यावर, पायथ्याला आणि मधल्या वाड्यांवर ढोल ठेवायचे. मोटर घाटात शिरण्याआधी ढोल वाजेल, तो वाडीवाडीने पलीकडच्या टोकाला पोचेल. प्रत्येक वाडीने आपल्यापुढचा रस्ता बघून मगच वाजवायचं. पलीकडून उत्तराचा ढोल आला, तरच मोटर सोडायची. वाटेतसुद्धा ड्रायव्हरने प्रत्येक वाडीचा ढोल ऐकत जायचं. एखादा ऐकू आला नाही, तर पुढे जायचं नाही. जवळच्या चुन्याच्या जागी उभं राहायचं. आणि मोटर दुसऱ्या टोकाला वेळेत पोचली नाही, तर तिथल्या माणसांनी कुणाला न विचारता दोर, डोली, कांबळी घेऊन निघायचं. अपघाताच्या ठिकाणी शब्द एकाचाच, महिपतचा. तो नसेल तिथे रमजानचा.

साखरप्याच्या ठाण्यावर कुणाला बसवायचं, हे आनंदीबाईंनी मनाशी ठरवलं होतं. त्या पुन्हा हौसाकडे गेल्या.

"मी बाईमानूस. मना काय जमनार?" हौसा म्हणाली.

"मलाही लोक हेच विचारायचे. मोटर आली नाही तर तुला झोप लागेल?"

दुसऱ्या आठवड्यात हौसा साखरप्याला राहायला आली. चूल मांडली, सुकी लाकडं माळ्यावर चढवली, कांबळी उन्हात घालून घडी करून ठेवली. मोटर घाटात असली, की ती घरात बसत नसे. अंगणात उभी राहून वरच्या अंगाला कान लावायची.

वैशाखात महिपतने लुटुपुटूचा अपघात घडवायचं काढलं. कडक ऊन, रस्ता कोरडा ठणठणीत, आणि हा म्हणतो मोटर दरडीत सापडली असं समजा. बघायला अर्धा साखरपा लोटला. जखमी कोण होणार म्हणून विचारणा झाली, तेव्हा महिपतने सदाशिवाकडे बोट दाखवलं.

"मी?"

"तुमी आंगानं भरलेले हाव. तुमाला उचलता आला, तर कुनालाबी येईल."

सदाशिव कुरकुरत मोटरीत आडवा झाला. ढोल मुद्दाम गप्प ठेवला होता. वेळ टळल्याबरोबर हौसाने ओरडून माणसं काढली. माणसं धावत वर आली, डोली आली, पण दोर येईनात. दोरांच्या पेटीला कुलूप! ज्याला त्याला विचारलं, किल्ली कुठाय? कुणालाच ठाऊक नाही. तेवढ्यात जखमी माणूस मोटरीतून उठून बसला आणि ओशाळून म्हणाला, "माझ्या कंबरेला आहे. चोरी होते म्हणून मीच लावलं होतं."

लोक पोट धरधरून हसले. सदाशिवही शेवटी हसला. पण आनंदीबाई हसल्या नाहीत. त्यांनी ते कुलूप काढून दरीत फेकून दिलं. नंतर सदाशिवाला डोलीतून खरोखरच पायथ्यापर्यंत आणलं आणि त्या वाटेत डोलीच्या दांड्याची एक गाठ सैल असल्याचं निघालं. त्या संध्याकाळी सदाशिव महिपतला म्हणाला, "मला हा पोरखेळ वाटला होता. भर पावसात पेटीला असं कुलूप निघालं असतं तर?" महिपत म्हणाला, "म्हनून तर उन्हात खेळायचा."

चौतीसचा पावसाळा सुखरूप गेला. दोनदा ढोल आला नाही, दोनदा मोटर थांबली, दोन्ही वेळा कारण किरकोळ निघालं. प्रवासी चिडले, काहीजण दुसऱ्या मोटरवाल्यांकडे गेले. ते ढोलबिल मानत नव्हते आणि तासभर आधी पोचत होते. आनंदीबाईंनी ते सोसलं.

पस्तीस सालचा भाद्रपद आला. गणपतीला मुंबईहून निघालेले चाकरमानी कोल्हापूरला आगगाडीतून उतरले. रमजानची मोटर माणसांनी, ट्रंकांनी, मखराच्या रंगीत कागदांनी खच्चून भरली होती. दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. आंब्याला ढोल झाला, खालून उत्तराचा ढोल आला, मोटर सुटली. वरची वाडी वाजली. पुढच्या वळणावर मधल्या वाडीचा ढोल यायला हवा होता. तो बाबल्याचा. बाबल्या म्हणजे पंचक्रोशीतला नावाजलेला ढोलवाला. त्याचा ढोल चुकणं शक्य नव्हतं.

रमजानने इंजिन बंद केलं. पावसाशिवाय कसलाच आवाज नाही. त्याने मोटर उतारावर हलकेच पुढे सोडली, चुन्याच्या दगडांपाशी डोंगराला लावली आणि खाली उतरून चाकांना धोंडे लावले.

"काय झालं रे?" पुढे बसलेल्या एका गृहस्थाने विचारलं. हा गिरणीतला जॉबर, कामगारांवरचा मुकादम, आवाज मोठा, हातात गणपतीच्या पूजेची पिशवी.

"ढोल वाजला नाय."

"ढोल? अरे, रस्ता समोर साफ दिसतोय! उद्या गणपती बसायचा, घरी म्हातारे वाट बघतायत. चालव!"

"दिसतोय तेवढाच साफ आहे," रमजान म्हणाला. "त्याच्यापुढं काय आहे ते बाबल्याला ठाऊक. तो बोलत नाय, तोवर मी चाक हलवणार नाय."

जॉबर खाली उतरला, रमजानच्या अंगावर गेला. दोघातिघांनी त्याला साथ दिली. कुणी म्हणालं, आम्हीच ढकलत नेऊ. रमजानने इंजिन फिरवायचं हँडल काढून छातीशी धरलं. "मारा मला हवं तर. दोन वर्षांमागं ह्याच घाटात एक माणूस माझ्या गाडीत गेला. मला ठाऊक होतं नि मी बोललो नव्हतो. आज मला काहीच ठाऊक नाय, म्हणून तर थांबलोय."

त्याच्या आवाजात असं काही होतं, की जॉबरचा हात खाली आला. सगळे पुन्हा मोटरीत दाटीने बसले. एका लहान मुलीने भूक लागली म्हणून भोकाड पसरलं. जॉबरनेच पिशवीतला नैवेद्याचा खडीसाखरेचा पुडा काढून तिच्या हातावर ठेवला.

तेवढ्यात आवाज आला. ढोलाचा नव्हे. आधी झाडं मोडल्यासारखा, मग सबंध डोंगर घसा खाकरतोय तसा. पुढच्या वळणाआड काहीतरी प्रचंड कोसळलं आणि मोटरीच्या काचा थरथरल्या. जॉबरने रमजानकडे बघितलं आणि दोन्ही हात जोडले.

खाली साखरप्याला वेळ टळली. हौसाने एकदाच वर कान दिला आणि आत वळून म्हणाली, "उठा. निघा." कुणी 'थोडं थांबू' म्हटलं नाही. महिपत त्या दिवसांत मुद्दाम साखरप्यालाच मुक्कामाला होता. इरली डोक्यावर घेऊन माणसं निघाली आणि एकजण खालच्या रस्त्याने निरोप घेऊन पळाला. सदाशिव गणपतीच्या गर्दीसाठी रिकामी मोटर घेऊन साखरप्याखालच्या वाडीत थांबलेला होता. आनंदीबाईही त्याच्याबरोबर होत्या. निरोप मिळताच दोघं निघाले आणि दरडीच्या खालच्या अंगाला येऊन थडकले.

समोर लाल मातीचा आणि झाडांचा डोंगरच रस्त्यावर बसलेला. अजून वरून दगड सुटत होते. आनंदीबाई पुढे निघाल्या.

"वैनी, थांबा!" महिपत एवढ्या मोठ्याने ओरडला, की सदाशिव दचकला. "तितनं पुढं यायचा नाय."

मालकिणीला कुणी असं कधी बोललं नव्हतं. आनंदीबाई जागच्या जागी थांबल्या. "बरं," त्या म्हणाल्या. "मी काय करू ते सांगा."

"मागं जावन मोटरीत कांबळी पसरा. येतील ती भिजलेली येतील."

त्या मागे गेल्या आणि कांबळी पसरू लागल्या.

महिपतने घाई केली नाही. दगड यायचे थांबेपर्यंत त्याने माणसाला पुढे सोडलं नाही. मग दरडीच्या वरच्या अंगाने, झाडांच्या बुंध्यांना धरून, दोर बांधत बांधत ती माणसं पलीकडे गेली. चुन्याच्या दगडांपाशी त्यांना मोटर दिसली, जशीच्या तशी, आणि तिच्यापुढे हातात हँडल घेऊन उभा रमजान.

"सगळी हाव?" महिपतने विचारलं.

"सगळी."

दोराला धरून एकेक माणूस अलीकडे आला. म्हाताऱ्यांना डोलीतून आणलं, मुलांना पाठुंगळीला. जॉबर शेवटपर्यंत पलीकडे थांबून लोकांना दोराशी लावून देत होता. सदाशिवाच्या मोटरीने सगळे दिवस मावळायच्या आत साखरप्याला पोचले. हौसाने प्रत्येकाच्या हातात गरम पेजेचा वाडगा दिला. देता देता ती माणसं मोजत होती आणि शेवटचा माणूस आत आला, तेव्हा खांबाला धरून खाली बसली. आनंदीबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या.

गणपती सगळ्यांच्या घरी वेळेवर बसले.

गौरी-गणपती झाले आणि वखारीत पुन्हा बैठक भरली. सगळ्यांच्या तोंडी रमजानचं कौतुक होतं. पण आनंदीबाईंनी विचारलं, "ढोल का वाजला नाही?"

बाबल्या कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. दरड पडण्याआधी तो माती घसरताना बघून वरच्या वाटेने मोटरीकडे धावत सुटला होता, पण ओढ्याने त्याला अडवलं. ते सगळ्यांना ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं.

"ढोलाचा पान फुटलेला, चामडा," तो म्हणाला.

"कधी?"

"गोकुळाष्टमीला. दहीकाल्याला नेलेला नाचायला. नेयाचा नाय म्हनून सांगितलेला, तरी नेला. थोडा चिरलेला. म्हटला, चालवू. कुनाला सांगितला नाय. त्या दिशी उत्तराचा वाजवून झाला, मग ओल धरलेली दिसली, म्हनून चुलीपाशी तापवला नि फाटकन फुटला." त्याने डोळे पुसले. "वैनी, माजी मान पायजे तर कापा. मी सांगायला पायजे व्हता."

सगळ्यांच्या नजरा सदाशिवाकडे वळल्या. एके काळी त्याचा निकाल तयार असायचा. सदाशिव बाबल्याजवळ जाऊन गोणीवर बसला.

"दर पावसाळ्यात पान ओल धरत असेल ना रे?"

"धरता ना. सगळ्यांचाच धरता."

"मग एक ढोल पुरायचाच नाही. दर ठिकाणी दोन हवेत. एक वाजवायला, एक चुलीवरच्या माळ्यावर. आणि नाचायला तिसरा देऊ. नाचणार तर तुम्ही आहातच."

वखारीत हशा पिकला. बाबल्या हसत हसतच रडला. महिपतने आपला तीन बोटांचा हात त्याच्या खांद्यावर ठेवला. "सांगितलास ना? झाला. आता मना दाखव, ढोल चुलीपासनं किती लांब ठेवलास तर फुटत नाय."

दिवाळीनंतर एके सकाळी दुसऱ्या एका मोटर सर्व्हिसचा मालक ठेसनाच्या खिडकीशी आला. त्याच्या दोन मोटरी त्या दिवशी आंब्याला उभ्या होत्या आणि खालचा ढोल आला नाही, रमजान अडकला, हे तिथल्या माणसांनी सांगितल्यामुळेच वाचल्या होत्या. तो बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "तुमच्या ढोलावर आमच्या मोटरी सोडल्या तर चालेल काय? त्याचं काय द्यायचं ते बोला."

"द्यायचं काही नाही," आनंदीबाई म्हणाल्या. "पण दोन गोष्टी. ढोल आला नाही तर थांबायचं, मग आत कुणीही बसलेलं असो. आणि घाटात तुमच्या माणसाला काही दिसलं, तर त्याने आमच्या हौसाला सांगायचं. सांगितलं म्हणून त्याला घरी बसवायचा नाही."

त्या माणसाला दुसरी गोष्ट जड गेली. त्याने पान काढून चघळलं, बंदराकडे बघितलं. शेवटी हो म्हणाला. पुढच्या ज्येष्ठात पावसाची पहिली सर येऊन गेली, त्या दिवशी साखरप्याला दोन्ही सर्व्हिसच्या मोटरी एकामागोमाग उभ्या होत्या. ड्रायव्हर बाहेर येऊन बिड्या ओढत होते, प्रवासी कुरकुरत होते आणि सगळेजण वरून येणाऱ्या उत्तराची वाट बघत होते.